बाळाच्या वाटीपासून घरच्या ताटापर्यंत

मूल सहा महिन्यांचे होण्याच्या सुमारास त्याला पहिला घास भरविण्याचा संस्कार भारतात अनेक ठिकाणी केला जातो. महाराष्ट्रात त्यास उष्टावण म्हणतात, बंगालमध्ये मुखेभात, तर केरळात चोरूण. मनुस्मृतीनेही अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे. आधुनिक आहारशास्त्राचे मतही याहून वेगळे नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरेसे असते. त्यानंतर ते चालूच ठेवावयाचे असते, परंतु एकट्या दुधावर मुलाची वाढ होऊ शकत नाही.

मात्र पहिल्या घासाच्या वाट्याला जे कौतुक येते, ते पुढच्या घासांच्या वाट्याला येत नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुलांनाच किमान पुरेसा आहार मिळत होता. दारिद्र्य हे याचे एक कारण आहेच. परंतु ज्या घरात दोन वेळा पुरेसे अन्न शिजते, त्या घरातही वर्षाचे मूल अर्धपोटी राहिलेले दिसते. वडीलधारी माणसे जेवतात ते अन्न मुलाला पचणार नाही, या समजुतीने त्याला वरणाचे पाणी, पातळ पेज आणि चहात बुडविलेले बिस्किट यांवरच ठेवले जाते.

पोट लहान, गरज मोठी

नऊ किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारणपणे २७० मिलिलिटर अन्न मावते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज इतर अन्नातून दररोज सुमारे ५५० उष्मांक मिळावे लागतात. १० ग्रॅम तांदळाच्या पिठाची १०० मिलिलिटर पेज केली, तर तीतून जेमतेम ३५ उष्मांक मिळतात. अशा पेजेवर गरज भागवावयाची म्हटल्यास मुलाला दिवसाकाठी दीड लिटरहून अधिक पेज प्यावी लागेल. मूल एवढी पेज पिऊ शकत नाही. त्याचे पोट भरते, ते रडावयाचे थांबते, आणि आईला वाटते की ते जेवले. वस्तुतः ते पाण्याने भरलेले असते.

तेच मऊ शिजविलेली घट्ट खिचडी तेल किंवा तूप घालून दिली, तर १०० ग्रॅममधून सुमारे १०० उष्मांक मिळतात. चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तेलात ४५ उष्मांक असतात. म्हणून नियम असा, की चमचा तिरपा केल्यावर अन्न ओघळून जाऊ नये, त्यावर टिकून राहावे.

घट्ट अन्न गिळण्यास जड जाते, ही आईची तक्रार खोटी नसते. तिच्यावर एक जुना उपाय आहे. नाचणी, गहू किंवा बाजरी यांना मोड आणून, वाळवून आणि हलके भाजून पीठ केले, तर त्या पिठातील अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करते. घट्ट, कोमट लापशीत असे चमचाभर पीठ मिसळले की ती पाणी न घालताही सैल होते. असे पीठ घातल्यावर लापशीला पुन्हा एक उकळी द्यावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या पद्धतीचा अभ्यास झाला.

दातांची वाट पाहू नये

दाढा आल्याशिवाय मूल चावू शकत नाही, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात मऊ अन्न हिरड्यांनी कुस्करता येते, आणि चावणे हे सरावाने येते. सहाव्या महिन्यात गुळगुळीत कुस्करलेले अन्न, आठव्या महिन्याच्या सुमारास हातात धरता येईल असा इडलीचा तुकडा किंवा उकडलेल्या बटाट्याची फोड, आणि वर्षाच्या सुमारास घरचेच जेवण, असा क्रम असावा. दहाव्या महिन्यापर्यंत ज्याला थोडेही भरड अन्न मिळालेले नसते, ते मूल पुढे खाण्यास त्रास देण्याचा संभव अधिक असतो.

एकाच भांड्यातून

वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. तिखट, मीठ आणि फोडणी घालण्यापूर्वी मुलाचा वाटा काढून ठेवावा, एवढे पुरे. महाराष्ट्रातील वरणभात, पंजाबातील दलिया, तामिळनाडूतील इडली, बंगालमधील खिचडी व मासा, या सर्वांत मुलाचे अन्न आधीच तयार असते. धान्याबरोबर डाळ, भाजी, आणि चालत असल्यास अंडे किंवा मासा असावा. जन्माच्या वेळी शरीरात साठलेले लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते व आईच्या दुधात ते अत्यल्प असते. म्हणून डाळ व पालेभाजी यांवर लिंबू पिळून द्यावे. चहा मात्र मुळीच देऊ नये, कारण तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. वर्षाच्या आत मधही देऊ नये. त्यातून घातक विषबाधा होण्याचा धोका असतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे तुकडे श्वासनलिकेत अडकू शकतात. ते दळून, शिजवून वा बारीक करूनच द्यावेत.

सहा ते आठ महिन्यांच्या मुलास दिवसातून दोन-तीन वेळा, आणि त्यानंतर तीन-चार वेळा जेवण व मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. आजारात अन्न तोडू नये. जुलाब होत असतानाही स्तनपान व मऊ अन्न चालू ठेवावे, आणि बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण वाढवावे. भरविण्यापूर्वी आईचे व मुलाचे हात साबणाने धुवावेत.

मुलाचे स्वतःचे ताट

नवी चव मुलाने थुंकून टाकली, म्हणजे त्याला ती नकोच आहे असे नव्हे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा पुढे केल्यावर अनेकदा तो स्वीकारला जातो. बळजबरीने कोंबल्यास मात्र जेवणाचीच धास्ती बसते. मुलाला मोठ्यांच्या पंगतीत बसवावे, परंतु त्याचे ताट वेगळे असावे. सामाईक ताटात सावकाश जेवणाऱ्या मुलाच्या वाट्याला किती आले, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. वेगळ्या ताटात उरलेले अन्न आईला दिसते, आणि मूल खरोखर किती जेवले हे तिला नेमके कळते.