घर कुणाच्या मापाचं?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक निकोबारची. एका स्वयंसेवी गटाबरोबर मी त्या बेटांवर मदतीचं आणि पुढे पुनर्वसनाचं काम केलं. आपत्तीनंतर कामाला निघणाऱ्या तरुण मुलामुलींना मी जे सांगते, ते इथे मांडते आहे.

१. जमीन परत मिळेल असं धरून चालू नका. पूर ओसरला की माणसं गाळ उपसतात आणि आपल्याच घरात पुन्हा चूल पेटवतात. निकोबारमध्ये भूकंपाने बेटंच खचली होती. ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, जमीन सव्वाचार मीटर खाली गेली आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले, तिथल्या लोकांना कमोर्ता बेटावर जावं लागलं. किनाऱ्याच्या कितीतरी नारळबागा कायमच्या समुद्रात गेल्या, विहिरी खारट झाल्या. जुन्या गावाच्या नकाशावर नवं गाव आखणं शक्यच नव्हतं. आता राहायचं कुठे आणि ते ठरवायचं कुणी, हाच पहिला प्रश्न होता.

२. कपड्यांच्या गाठोड्यांआधी अवजारं पाठवा. विषुववृत्ताजवळच्या त्या दमट बेटांवर जाड ब्लँकेटं येऊन पडली होती. लोक मागत होते कुऱ्हाडी, कोयते, करवती, दोर. झाड पाडून होडी कोरणारे, खांब रोवून घर उभं करणारे हात शाबूत होते. त्यांना काम सुरू करायचं होतं.

३. धक्का आधी दुरुस्त करा. तो मोडलेला असला की जहाज लांब उभं राहतं, माल लहान होड्यांतून येतो आणि पावसाळी समुद्रात तांदळाची पोती भिजतात. बेटावर सिमेंटपासून सलाईनपर्यंत सगळं धक्क्यावरूनच येतं.

४. पैसे वाटण्याआधी तिथे कुटुंब कशाला म्हणतात ते विचारा. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कार निकोबार बेटावरचा माणूस ‘तुहेत’मध्ये वाढतो. तुहेत म्हणजे रक्ताच्या नात्याने बांधलेली अनेक घरं मिळून एक मोठं कुटुंब. जमीन, नारळ, डुकरं सामायिक. कुणी कुठली बाग राखायची ते वडीलधारी माणसं ठरवतात. त्सुनामीत आईबाप गमावलेली मुलं त्याच तुहेतच्या एखाद्या चुलीशी जेवू लागली. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

नुकसानभरपाईच्या अर्जाला मात्र नवरा, बायको आणि मुलं एवढंच कुटुंब कळत होतं. बँकेत खातं उघडायचं तर कुटुंबप्रमुख हवा, आणि तो बहुधा पुरुषच. ज्यांचा बहुतेक व्यवहार खोबऱ्यावर चालत असे, त्यांच्या नावावर एकदम मोठी रक्कम आली. मोटारसायकली आल्या, दारू आली, भावाभावांत हिशेब सुरू झाले. वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन होतं ते सामायिक मालमत्तेमुळे. खाती वेगळी झाली तसं ते घटत गेलं. मानवी परिस्थितिकीचे अभ्यासक सिमरन जीत सिंग यांनी या पडझडीविषयी सविस्तर लिहिलं आहे.

रोख मदत देऊच नये असं मी म्हणत नाही. तुहेतच्या नावाने खातं काढता आलं असतं, गावाचा कॅप्टन (मुखिया) आणि बाया-पुरुषांसमोर हिशेब वाचता आला असता. भरपाई दोन महिने उशिरा मिळाली असती तरी चाललं असतं, असं माझं ठाम मत आहे. तोवर जगायला धान्य होतं.

५. घर बांधताना घराबाहेरची जागाही मोजा. आधी पत्र्याचे तात्पुरते निवारे आले. दुपारी आत बसवत नसे. मग मुख्य भूमीवरून जहाजांनी सामान आणून पक्की घरं झाली, त्यात वर्षं गेली. कार निकोबारची पारंपरिक झोपडी गोल, उंच खांबांवर, घुमटासारख्या गवती छपराची. खालच्या सावलीत माणसं बसतात, नारळ सोलतात, आसपास डुकरं फिरतात. नवी घरं मजबूत, पण एकेका जोडप्यापुरती आणि किनाऱ्यापासून आत. तुहेतने एकत्र बसावं कुठे? कितीतरी लोकांनी पुढे बागेजवळ आपल्या हातांनी झोपडी बांधली आणि दिवस तिथेच काढू लागले. मला ते पाहून बरं वाटलं.

६. नारळाच्या वेगाने चाला. रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. देणगीदारांना वर्षा-दोन वर्षांत अहवाल हवा असतो. एवढा काळ थांबायची तयारी नसेल, तर लोकांना बागेत परत नेण्याचं आश्वासन देऊ नका.

७. ‘तात्पुरतं’ या शब्दाला तारीख लावा. ग्रेट निकोबारच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारींना त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणून ठेवलं. जवळच १९६९ पासून वसवलेल्या माजी सैनिकांची गावं आहेत. त्यांत महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबंही आहेत. त्यांच्याही घरांचं, शेतांचं नुकसान झालं, त्यांचं दुःख कमी नाही. पण निकोबारींच्या पूर्वजांची भूमी दुसऱ्या किनाऱ्यावर आहे आणि तिथे परतायचं, असं ते वर्षानुवर्षं सांगत आहेत. दरम्यान त्याच बेटावर मोठं बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारायची योजना आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने आपलं आधीचं ना-हरकत पत्र मागे घेतलं. जुन्या गावांच्या वाटा, पाण्याच्या जागा, कुठली बाग कुणाची हे सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून आहेत. पुनर्वसन संपलं असं जाहीर करणाऱ्यांनी आधी त्यांना होडीत बसवून त्या किनाऱ्यावर न्यावं, आणि गाव कुठे बसवायचं ते त्यांना दाखवू द्यावं.