जळगाव जामोदला कोळसा पडतो कितीला?

वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो आणि त्याबरोबर कोळशाच्या व्यापाऱ्यांचे फोनही सुरू होतात. जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा या पट्ट्यातला भट्टीवाला दोन-चार ठिकाणी टनाचा भाव विचारतो, शेपाचशेची घासाघीस करतो आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याची खेप बोलावतो. पैसे जातात ते नेमके इथेच. व्यापारी वजन विकतो, भट्टीला मात्र उष्णता लागते. आणि भाडं, वाराई, हमाली हे सगळं वजनावर मोजलं जातं, उष्णतेवर नाही.

आपल्याला हे चंद्रपूरकरांपेक्षा जास्त लागू पडतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, हिच्या महाराष्ट्रातल्या खाणी नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. वणीहून निघालेला ट्रक सातपुड्याच्या पायथ्याशी येईपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर तोडतो. खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेला माल इथे येईपर्यंत महाग ठरू शकतो, तो असा.

दगडी कोळशाची प्रत २०१२ पासून उष्मांकावर ठरते. एक किलो कोळसा जळताना किती किलोकॅलरी देतो, त्यावरून जी-१ ते जी-१७ अशा पायऱ्या आहेत, आणि पहिली सोडली तर प्रत्येक पायरी ३०० किलोकॅलरींची. जी-९ म्हणजे ४६०० ते ४९००, जी-१० म्हणजे ४३०० ते ४६००, जी-१२ म्हणजे ३७०० ते ४०००. आता दोन खेपांची पडतळ काढून पाहू. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. जी-९ खाणीवर सगळे कर धरून टनाला ४,२०० रुपये, जी-१२ तसाच ३,३०० रुपये. भाडं १,४०० आणि उतरवणी १०० रुपये, दोघांनाही सारखीच. भट्टीवर पहिला पडला ५,७०० ला, दुसरा ४,८०० ला. टनामागे ९०० रुपये वाचले असं वाटतं. पण जी-९ च्या टनात साधारण साडेसत्तेचाळीस लाख किलोकॅलरी आहेत आणि जी-१२ मध्ये साडेअडतीस लाख. लाख किलोकॅलरीला जी-९ पडतो १२० रुपयांना, जी-१२ जवळपास १२५ ला. खाणीवर हेच आकडे ८८ आणि ८६ होते, म्हणजे तिथे हलका कोळसा खरोखरच स्वस्त होता. भाड्याने तो महाग केला. अंतर जितकं लांब, तितकी वरची प्रत परवडते. व्यापाऱ्याने भाव सांगितला की पहिला प्रश्न ‘किती कमी कराल’ हा नको, ‘कोणत्या खाणीचा, कोणत्या प्रतीचा’ हा हवा. उत्तर ‘एक नंबर माल आहे’ एवढंच आलं, तर हिशेब करायला हातात काहीच उरत नाही.

खाणीवरच्या भावात काय काय असतं, हेही एकदा नीट पाहावं. मूळ किमतीवर १४ टक्के रॉयल्टी. त्या रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला (जानेवारी २०१५ च्या आधीचे खाणपट्टे असतील तर, नंतरच्यांना १० टक्के) आणि ३ टक्के राष्ट्रीय खनिज अन्वेषण आणि विकास न्यासाला. म्हणजे जुन्या खाणीच्या कोळशावर मूळ किमतीच्या साधारण साडेअठरा टक्के रक्कम जीएसटीच्या आधीच चढते. त्यावर कोळसा फोडण्याचा आणि बाहेर काढण्याचा आकार. आणि या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी.

हा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला आहे आणि अजूनही बरेच जण जुन्याच आकड्यावर बोलतात. आधी ५ टक्के जीएसटी आणि टनाला सरसकट ४०० रुपये भरपाई उपकर होता. आता उपकर गेला आणि कर १८ टक्के झाला. ‘पाचाचे अठरा केले’ असं सांगून भाव वाढवणाऱ्याला उपकराचे ४०० कुठे गेले, ते जरूर विचारा. दोन्ही पद्धती सारख्या पडतात ती करपात्र किंमत टनाला सुमारे ३,०७७ रुपये. त्याखालच्या कोळशावरचा कर कमी झाला, त्यावरच्या कोळशावरचा वाढला. मूळ दर २,००० असेल तर रॉयल्टी वगैरे धरून किंमत २,३७० च्या आसपास होते. तिच्यावर जुना कर ५१८ रुपये बसायचा, आता ४२७ बसतो. मूळ दर ४,००० असेल तर जुना कर ६३७, नवा ८५४.

भट्टीवाला जीएसटी कोणत्या पद्धतीने भरतो, त्यावर पुढचा हिशेब बदलतो. मातीच्या विटांना दोन वाटा आहेत: खरेदीवरच्या कराची वजावट न घेता ६ टक्के, किंवा वजावट घेऊन १२ टक्के. सहावाल्याला कोळशावरचे अठराच्या अठरा टक्के अंगावर पडतात. बारावाल्याचं उलट आहे. जुन्या उपकराची वजावट विटांवरच्या जीएसटीतून मिळतच नव्हती, ते ४०० रुपये बुडीत होते. आता पूर्ण १८ टक्के वजावटीला येतात. ज्यांची सहाची निवड उपकर असतानाच्या हिशेबावर झाली होती, त्यांनी कर सल्लागाराबरोबर बसून ती पुन्हा तपासावी. मात्र वजावटीला पक्कं बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीवर आलेल्या कोळशावर वजावट नाही, आणि प्रतीवरून भांडण झालं तर हातात कागदही नाही.

भाड्यातही एक खाच आहे. ‘भट्टीवर पोच’ असा एकच भाव ठरवला आणि बिलात भाडं कोळशाच्या किमतीत मिसळलं, तर त्या भाड्यावरही १८ टक्के लागतात. १,४०० रुपये भाड्यावर ते २५२ होतात. कोळसा खाणीवर घेऊन ट्रक स्वतः ठरवला, तर ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर साधारण ५ टक्के, म्हणजे ७० रुपये, आणि तो कर नोंदणीकृत घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. सहावाल्या भट्टीसाठी टनामागचा हा फरक लहान नाही. पोच भावातली सोय मोठी आहे हेही खरं. ट्रक वाटेत बंद पडला तर डोकेदुखी व्यापाऱ्याची. पण सोयीला किती मोजतो आहोत, हे ठाऊक असलेलं बरं.

ट्रक स्वतः ठरवणार असाल तर बिल्टीवर ‘जळगाव’ एवढंच लिहू देऊ नका. जळगाव (जामोद), जिल्हा बुलढाणा, आणि पिन कोड. भुसावळजवळच्या जळगावात माल पोचवून ‘तुमचाच पत्ता’ म्हणणारे चालक काल्पनिक नाहीत. राज्यातल्या राज्यात माल एक लाख रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलही लागतं. भरलेला दहाचाकी ट्रक या मर्यादेच्या आसपास सहज जातो.

कोळसा मिळवायचे रस्ते तीन. पहिला वेकोलिचा ई-लिलाव. २०२२ पासून वेगवेगळ्या गटांसाठीचे लिलाव एकत्र झाले आहेत आणि व्यापारीही त्यात बोली लावतात. नोंदणी, अनामत, ठरलेल्या मुदतीत उचल अशा अटी असतात, आणि उचल झाली नाही तर अनामत जाते. एकट्या भट्टीला हे जड जातं. चार-पाच जणांनी एकाच्या नावावर घेतलं तर जमू शकतं, पण त्या एकाला मग इतरांना रीतसर बिलं फाडावी लागतील. दुसरा रस्ता राज्याने नेमलेल्या संस्थेचा. २००७ च्या कोळसा वाटप धोरणात लहान उद्योगांसाठी ही तरतूद आली आणि पुढे वर्षाला १०,००० टनांपर्यंतच्या गरजेला ती लागू झाली. महाराष्ट्रात नागपूरच्या महाराष्ट्र राज्य खनिकर्म महामंडळाकडे हे काम राहिलं आहे. तिथून सध्या वाटप आहे का, कोणत्या दराने, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच कागद गोळा करावेत. तिसरा रस्ता व्यापाऱ्याचा, आणि व्यवहारात बहुतेकांचा तोच.

बाजार सध्या घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे, निदान २०२२ च्या तुलनेत. त्या वर्षी युक्रेन युद्धाने परदेशी कोळसा भडकला, वीज केंद्रांनी देशातला माल ओढून घेतला आणि लिलावात अधिसूचित दराच्या कितीतरी पट बोल्या गेल्या. लहान भट्टीवाल्याला तेव्हा पैसे देऊनही माल मिळत नव्हता. आता चित्र वेगळं आहे. देशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये १०४.७ कोटी टनांवर गेलं, पहिल्यांदाच शंभर कोटींच्या पार. वेकोलि वर्षाला साधारण ६.९ कोटी टन काढते. हे मुद्दाम सांगितलं, कारण ‘खाणीत माल नाही’ हे वाक्य ऐकवताना कोणी आकडा सांगत नाही. लिलावातले चढे भाव उतरले आहेत. आपल्या तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस-पाणी, पीक, राजा यांचं भाकीत होतं, कोळशाचं होत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीचा भाव छातीठोकपणे सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. एवढी टंचाई नसताना पूर्ण रक्कम आधी मागणारा व्यापारी तसाही संशयास्पद. थोडी रक्कम गाडी भरताना, उरलेली काटा झाल्यावर, हे मागायला लाजू नका.

काटा दोनदा व्हायला हवा. खाणीवरची वजनचिठ्ठी पाहायची आणि गाडी आपल्या गावाजवळच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी, अशी दोन्ही वेळा तोलायची. वाटेत वाळून थोडी घट येणारच. ती किती धरायची हे आधी ठरवावं. उलट वजन वाढून आलं तर खूश होऊ नका. वाटेत पाणी मारलं असेल किंवा दगड मिसळला असेल. पावसाळ्यातल्या कोळशात सहा टक्के ओल जास्त आली, तर वीस टनांच्या खेपेत बारा क्विंटल पाणी तुम्ही कोळशाच्या भावाने घेता, त्याचं भाडं भरता, आणि भट्टीत ते वाफ करून घालवायला पुन्हा कोळसाच जाळता. म्हणून ढिगावरचा माल पावसाळा संपल्या संपल्या घेऊ नये.

भेसळ ओळखायला प्रयोगशाळेचा उष्मांक अहवाल सगळ्यात चांगला. नियमित घेणाऱ्याने हंगामात एकदा तरी तो करून घ्यावा. पण गाडी दारात उभी असताना अहवालाची वाट कोण पाहणार? तेव्हा ढिगाच्या पाच-सहा जागांवरून, वरचा थर बाजूला करून, तुकडे आणि चुरी दोन्ही घ्या, एकत्र करा, त्यातला एक किलो पूर्ण राख होईपर्यंत जाळा आणि राख तोला. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर असते. किलोला साडेतीनशे-चारशे ग्रॅम निघाली तर हलक्या प्रतीला ते धरून आहे. जी-९ म्हणून घेतलेल्या मालात एवढी निघाली, किंवा कोणत्याही मालात अर्धा किलोच्या वर गेली, तर भावाबद्दल पुन्हा बोलायला बसा. न जळलेले काळे चपटे दगड राखेत दिसले तर ते व्यापाऱ्याला दाखवण्यासाठी बाजूला ठेवा.

वर्धा खोऱ्यातला कोळसा ढिगात आपोआप तापतो, धुमसतो. तो उंच रचू नये, पुरुषभर उंचीच्या आत ठेवावा, चोपून दाबावा आणि महिनोन्महिने साठवू नये. स्वस्त मिळाला म्हणून दोन हंगामांचा भरला, तर त्यातली उष्णता वाऱ्यावर जाते.

किती मागवायचा? देशभरातल्या मोजणीत चिमणीच्या स्थिर भट्टीला लाख विटांमागे १६ ते २० टन लागतात, आणि चिमणीशिवाय रचलेल्या गावठी भट्टीला ३२ टनांपासून पुढे, कधी दुपटीहूनही जास्त. भुसा, तुराट्या, पऱ्हाट्या मिसळणाऱ्यांचा आकडा वेगळा येतो. तरी या तफावतीकडे पाहिलं, की टनामागे शंभर रुपये कमी करून घेण्यापेक्षा भट्टीची रचना बदलण्यात किती पैसा आहे ते दिसतं. घर बांधणाऱ्यांसाठी एक जोड: अकोला जिल्ह्यातल्या पारस वीज केंद्राच्या राखेपासून होणाऱ्या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे कोळशाच्या भावाचा त्यांना थेट झटका बसत नाही. मातीच्या विटेचा भाव ‘कोळसा महागला’ म्हणून चढला, तर राखेच्या विटेचा भाव मागून पाहा.

ज्यांची भट्टी नाही, त्यांच्या घरी कोळसा वीजबिलातून येतो. राज्यातल्या वीज केंद्रात एक युनिट तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे टनाला १०० रुपये वाढले की तयार होणारं युनिट सुमारे ७ पैशांनी महागतं. सप्टेंबर २०२५ च्या करबदलाने वीज केंद्रांचा कोळसा टनामागे सरासरी २६० रुपयांनी उतरेल, युनिटला १७-१८ पैसे वाचतील, असं केंद्र सरकारने सांगितलं. सातशे ग्रॅमचा हिशेब त्याला जुळतो. हे पैसे बिलात शोधायचे तर ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत. इंधनाचा आणि वीजखरेदीचा खर्च ठरलेल्या दरापेक्षा वर-खाली झाला की तो तिथे येतो, कधी वजा चिन्हानेही. घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं ते सगळ्या आकारांच्या बेरजेवर, त्यामुळे ही ओळ वाढली की शुल्कही वाढतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल बळीराजा मोफत वीज योजनेत शासन भरतं, तिथे ही ओळ शेतकऱ्याच्या खिशाला लागत नाही. घरच्या किंवा दुकानाच्या बिलात हा आकार एकदम वाढलेला दिसला तर मागच्या तीन महिन्यांची बिलं शेजारी ठेवून युनिटमागचा दर काढा, फरकाचा खुलासा महावितरणच्या १९१२ वर मागा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचं झालं तर तोच क्रमांक आधी विचारतात.