पौगंडावस्थेतील मेंदू आणि अनवस्थित सत्त्व

परीक्षेचा हंगाम जवळ आला की 'मुलाची बुद्धी वाढवणारे औषध द्या' अशी मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानांत सारखीच होऊ लागते. ही मागणी हाताळताना या वयात मेंदूत प्रत्यक्ष काय घडते, हे वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

गीड यांचे संशोधन

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या निरोगी मुलांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा एम.आर.आय. परीक्षण केले. या परीक्षणात क्ष-किरण नसल्याने ते शक्य झाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात १४५ जणांची २४३ परीक्षणे होती. मेंदूच्या पुढील भागातील करडे द्रव्य मुलींत सुमारे ११ व मुलांत सुमारे १२ वर्षांपर्यंत वाढते व नंतर घटते, असे दिसले. श्वेत द्रव्य मात्र वाढतच राहते. २००४ साली याच गटातील नितीन गोगटे प्रभृतींनी दाखवले की संवेदना व हालचालींचे भाग आधी परिपक्व होतात. नियोजन व संयमाशी निगडित अग्रभाग बराच नंतर.

अर्थात, ही घट म्हणजे ऱ्हास नव्हे. अनावश्यक जोडण्या गळून उपयुक्त जोडण्या दृढ होत असाव्यात, असा तिचा अर्थ लावला जातो. एम.आर.आय.मध्ये आकारमान दिसते; जोडण्या दिसत नाहीत.

चरकोक्त वयविचार

चरकाचार्यांनी विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्वधातूंचे सांगितले असून, पुढे तिसाव्या वर्षापर्यंत धातुगुण वाढत असतात व सत्त्व बहुधा अनवस्थित असते, असे म्हटले आहे. हे साम्य विचारप्रवर्तक आहे. परंतु एकाने दुसरे सिद्ध होते, असे मानू नये. एकाचा आधार लक्षणांचे निरीक्षण, तर दुसऱ्याचा प्रतिमांचे मापन.

चिकित्सेतील उपयोग

१. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने अग्नी, बल व प्रकृती पाहूनच योजावीत. त्यांनी 'मेंदू वाढतो' असे रुग्णास सांगू नये.

२. औषधापूर्वी निद्रा, आहार, तंबाखू, मद्य व गांजा यांविषयी मुलाला एकांतात विचारावे.

३. अमेरिकेतील २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीनुसार आयुष्यातील निम्म्या मनोविकारांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांशांचा चोविसाव्या वर्षापर्यंत होतो. म्हणून चंचलता वयाची म्हणून सोडून देण्यापूर्वी एकलकोंडेपणा, संशय, भास, अभ्यासातील अचानक घसरण व आत्मघाताचे विचार यांचा शोध घ्यावा. यांपैकी काही आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. आत्मघाताचा विचार व्यक्त झाल्यास त्याच दिवशी पाठवावे व रुग्णास एकटे सोडू नये.

बाटली देऊन पालकांचे समाधान होते. पण आजाराचा आरंभ तिच्याआड दडला, तर बहुमोल काळ वाया जातो. मागितलेले औषध देण्याआधी चार प्रश्न विचारणे, हे वैद्य आणि विक्रेता या दोघांचेही कर्तव्य होय.