गोल आधी, चित्र मागून

इंग्लंडमधल्या लहान फुटबॉल क्लबांचे सामने परदेशी चाहत्यांना पैसे भरून पाहता यावेत म्हणून तिथल्या ईएफएल लीगने २०१७ साली 'आयफॉलो' सुरू केले. गंमत बघा, शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच खुद्द इंग्लंडात थेट प्रक्षेपणाला बंदी! मैदानाशेजारी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना नुसती कॉमेंट्री. पण गोल त्यांनाच आधी कळतो. एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे पडतात आणि प्लेअर ३ तुकडे जमवून मगच सुरू होतो. १८ सेकंद तिथेच गेले. एफएम रेडिओला ही भानगड नाही. शिवाय ६४ केबीपीएसने ९० मिनिटांचा आवाज म्हणजे ४३ एमबी, २ एमबीपीएसचा व्हिडिओ १३५० एमबी! हॉस्टेलच्या वायफायवर मी तरी कॉमेंट्रीच लावतो.