केळशीतली रात्र: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

केळशीत सिनेमागृह नाही, नाट्यगृह नाही. तरी दापोली तालुक्यातल्या या गावी मुद्दाम रात्र जागवायला यावे अशा तीन वेळा वर्षात येतात: फाल्गुनातला शिमगा, चैत्र शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचा महालक्ष्मीचा उत्सव आणि गौरी-गणपती. यांपैकी कशालाच तिकीट नाही. देवळाच्या आवारात, कुणाच्या अंगणात किंवा मांडवात जाऊन बसायचे. इथे बसण्याचे पैसे कुणी मागत नाही.

खर्च आहे तो मुक्कामाचा, आणि तो धरूनच निघा. केळशीहून अपरात्री दापोलीला वाहन मिळेल या भरवशावर मुळीच राहू नका. किनारपट्टीवर दोघांची साधी घरगुती खोली साधारण 1,000 ते 2,000 रुपयांत मिळते. मात्र सणाला चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून फोन करून आधी नक्की करा आणि इसार दिलात तर पोच लेखी घ्या. शाकाहारी ताट 200 ते 300 रुपयांच्या घरात. मासळीचा दर त्या दिवशीच्या आवकेवर असतो, तेव्हा ताट सांगतानाच भाव विचारा. रात्री उशिरा जेवायचे असेल तर दुपारीच सांगून ठेवा. घरचा स्वयंपाक आहे, हॉटेल नव्हे.

यायला कोकण रेल्वेचे खेड स्टेशन सोयीचे. तिथून दापोली, मग केळशी. एसटीत महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, 75 च्या पुढे प्रवास मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा.

आता कलावंतांचे पैसे. पाहुणे इथेच चुकतात असे मला वाटते. तिकीट नाही म्हणजे कार्यक्रम फुकटात होतो असे नाही. शिमग्यात खेळे, म्हणजे सोंगे घेऊन नाचणारी मंडळी, दारी येतात. काळ्या पेहरावातला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासूर कमरेचे घुंगरू वाजवत अंगणात शिरतो, पोरे पडवीत पळतात, आणि घरची बाई सुपात नारळ, तांदूळ नि दक्षिणा घेऊन बाहेर येते. तुम्ही त्या घरी उतरला असाल तर तुमचाही हातभार त्या सुपात पडू द्या. जाखडी या लोकनृत्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात सवाल-जबाब रंगला की लोक शाहिराला बक्षीस देतात आणि देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारले जाते. 51, 101, जमेल ते द्या. सुट्ट्या नोटा बरोबर असाव्यात, कारण मांडवात यूपीआयला रेंज मिळेलच असे नाही. देवळातल्या देणगीची पावती घ्या.

तुमच्या वाडीने किंवा मुंबईतल्या मंडळाने कार्यक्रम ठेवायचा असेल तर हिशेब निराळा. नमन या लोकनाट्याची किंवा जाखडीची सुपारी ठरवताना नुसता आकडा विचारू नका. गाडीभाडे, जेवण, साउंड, लाइट आणि जनरेटर कुणाकडे, हे कागदावर येऊ द्या. भांडणे इथेच होतात. लोककलेच्या प्रयोगासाठी कलावंताचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. नाटक-नृत्याचे तिकीट लावलेत आणि ते 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावरही नाही. बिलात जीएसटी दिसला तर कसला, ते विचारा. हौशी मंडळींनी पैसे न घेता प्रेक्षकांपुढे किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेल्या नाटकाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तरी लेखकाला पत्र लिहावे आणि मानधन पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम सन 2000 पासूनचा आहे. सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशी, वर्षात जास्तीत जास्त 15, लाउडस्पीकर रात्री 12 पर्यंत चालतो. म्हणून रात्रभराच्या साउंडचे पैसे आगाऊ भरण्याआधी पोलीस परवानगी हातात घ्या.

दारूविषयी थोडक्यात: राज्यात विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो आणि त्यासाठी वय 25 पूर्ण लागते. पण पालखीच्या आणि देवळाच्या वाटेवर पिऊन येऊ नका. गावकरी सरळ बाहेर काढतात आणि ते योग्यच आहे.

निघण्यापूर्वी यजमानांना फोन करून त्या वर्षीचा कार्यक्रम विचारून घ्या. तिथी पंचांगाप्रमाणे ठरते आणि नमनाची रात्र वाडी ठरवते.