संगणकाची साक्ष

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला की शिक्षक प्रथम काय सांगतात? ‘आधी शून्य त्रुटी पाहा.’ जबडे पूर्ण मिटलेले असताना कॅलिपर ०.०२ सेंमी दाखवीत असेल, तर त्याने गोळीचा व्यास दहा वेळा मोजा की शंभर वेळा, ती चूक प्रत्येक वाचनात असणारच. सरासरी काढूनही ती जात नाही. जबडे मिटल्यावर ती कळते, कारण तेथे खरी लांबी शून्य आहे हे आपल्याला कॅलिपरला न विचारताच ठाऊक असते.

घरच्या संगणकात दडून बसलेल्या घातक प्रोग्रामाची गोष्ट नेमकी अशीच आहे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने शाळेचा प्रकल्प छापून आणण्यासाठी पेन ड्राइव्ह सांगलीतल्या एका दुकानात नेला. घरी येऊन तो संगणकाला लावला, तर सर्व फोल्डरांच्या चित्रांवर एकेक छोटा बाण उमटलेला! फोल्डर उघडत होते, आतील फोटोही दिसत होते. म्हणून तिने तिकडे लक्ष दिले नाही. मला मात्र चैन पडेना, कारण वडिलांच्या पेन्शनचे खाते आम्ही त्याच संगणकावर पाहत होतो. तो पेन ड्राइव्ह महाविद्यालयातील लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला लावला तेव्हा उलगडा झाला. खरे फोल्डर जागच्या जागी होते. त्यांच्यावर ‘हिडन’, म्हणजे लपलेले, अशी खूण केली होती आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडले होते. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी एक अनोळखी प्रोग्राम चाले आणि मग खरा फोल्डर उघडे. विंडोज ती खूण इमानाने पाळत होते. लिनक्सने तिला जुमानले नाही, एवढाच फरक.

ही झाली नवशिक्या चोराची युक्ती. मुरलेला चोर साक्षीदारालाच फितवतो. ते कसे, हे आता पाहू.

संगणकातील प्रोग्राम सहसा डिस्क स्वतः वाचीत नाही. ‘या फोल्डरात काय आहे?’ असे तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो आणि ती देईल ती यादी खरी मानतो. अँटिव्हायरसही बहुतांशी असेच विचारतो. घातक प्रोग्राम या प्रश्नोत्तरांच्या मध्ये जाऊन बसला, तर स्वतःचे नाव तेवढे गाळून बाकीची यादी तो पुढे पाठवील. अशा प्रोग्रामाला रूटकिट म्हणतात.

कल्पना नवी नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये शिरे आणि तेथील मूळ मजकूर दुसरीकडे नेऊन ठेवी. कोणी तो भाग वाचायला गेले की हा त्याला मूळ मजकूर दाखवी! पुढे फ्लॉपीवरून पसरणारे विषाणू आपल्याकडेही बोकाळले. पुण्यात संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्याकडे असे बाधित संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उपाय म्हणून प्रोग्राम लिहिले. त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. कैलासरावांचा जन्म रहिमतपूरचा, हे सातारा-सांगलीकडच्या वाचकांना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

२००५ साली तर सोनी बीएमजी या कंपनीने, गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून, आपल्या काही सीडींमधून असाच लपणारा प्रोग्राम गिऱ्हाइकांच्या संगणकात घातला. अमेरिकेतील मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने तो पकडला. त्याच्या साधनाने दोन याद्या केल्या : एक विंडोजला विचारून आणि दुसरी डिस्कवरील नोंदी थेट वाचून. दुसरीत आहे पण पहिलीत नाही, अशी फाइल सापडली की चोर सापडला.

म्हणून संशयित संगणकाला ‘तुझ्यात काही आहे का?’ असे पुन्हापुन्हा विचारण्यावर विसंबू नये. त्याची नेहमीची विंडोज झोपलेली असताना डिस्क तपासावी. विंडोज डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो नेमका याचसाठी. याहून कडक उपाय म्हणजे दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून तपासणी करणे. तरीही शंका उरली तर सर्व पुसून विंडोज नव्याने घालावी. तोवर बँकेचा पासवर्ड त्या संगणकावर टाइप करू नये. दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे प्रोग्रामही असेच लपून असतात. पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या यंत्रावरून. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवावी. संगणकाला जोडलेलीच राहिली, तर फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे प्रोग्राम तिलाही सोडत नाहीत.

मोठ्या संस्थाही अशा फसव्या साक्षीला बळी पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतील बहुतेक एटीएममधून. ‘पैसे देऊ का?’ हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जायला हवा. तो वाटेतच अडवून ‘द्या’ असे खोटे उत्तर परत पाठवले जाई. २८ देशांतून काही तासांत पैसे निघाले. भारतातील काही रक्कम तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून.

आमच्या घरी चूक माझीच होती. आम्ही सर्व जण ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून काम करीत होतो. रूटकिटला गाभ्यात शिरायला सहसा तेच अधिकार लागतात. आता रोजच्या कामाला साधे खाते आहे, आणि दुसऱ्याचा पासवर्ड माझ्याकडे. फुकट मिळणारे ‘क्रॅक’ घरात बंद. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ती असेल तर वडीलधाऱ्यांशी बोला.

एक प्रयोग मात्र करून पाहा. रिकाम्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ठेवून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘हिडन’ची खूण करा. मग शिक्षकांच्या मदतीने तो पेन ड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला लावा आणि दोन्ही याद्या वहीत शेजारी शेजारी लिहा.