घोड्याच्या पायाची दुखावलेली शीर व मूलपेशींचा उपचार

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेडा येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात जाणता गिऱ्हाईक केवळ दात पाहून थांबत नाही. पुढच्या पायाच्या नळीमागून वरपासून खालपर्यंत हात फिरवितो. तेथे फुगवटा हातास लागला की भाव उतरतो. तो फुगवटा म्हणजे पूर्वी दुखावलेली शीर होय.

ही शीर, म्हणजे कंडरा, स्नायूस हाडाशी जोडणारा दोरच आहे. घोडा भरधाव असता प्रत्येक टापेसरशी ती ताणली जाते व पुन्हा आखडते. या ओढाताणीत तिचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, असे आढळून आले आहे. इजाही बहुधा गाभ्यातच होते. बाहेरून थोडी सूज आणि ऊब एवढेच जाणवते. पुढे जखम भरून येते, पण तेथे व्रणाचे ताठर तंतू तयार होतात. त्यांस मूळची लवचिकता नसल्याने शीर पुन्हा तुटते.

यावर लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील रॉजर स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नवा उपचार मांडला. त्याच घोड्याच्या छातीच्या हाडातील मगज सुईने काढून त्यातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या जातात. सुमारे एक कोटी पेशी, सोनोग्राफीच्या यंत्रावर पाहत, नेमक्या इजेच्या जागी टोचतात. व्रण घट्ट होण्यापूर्वी, म्हणजे साधारण महिनाभरात, हे व्हावे लागते. ब्रिटनमधील शंभरावर शर्यतीच्या घोड्यांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के आढळले. जुन्या उपचारांनी ते निम्म्याहून अधिक असे. मात्र ही तुलना पूर्वीच्या घोड्यांशी केलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

विशेष म्हणजे या उपचारानंतरही घोड्यास जवळजवळ वर्षभर धावू देत नाहीत. पेशी विश्रांतीची जागा घेत नाहीत. उलट, तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आपल्याकडे अजूनही आढळते. ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९८३ साली तिची परीक्षा केली, तेव्हा डागण्याने शीर सुधारत नाही असेच दिसून आले. डागलेला घोडा बरा होतो तो सक्तीने बांधून ठेवल्यामुळे. मग जनावरास चटका कशासाठी द्यावा?

घोडा लंगडू लागताच काम थांबवावे. पहिले दोन दिवस नळीवर दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी १५ ते २० मिनिटे गार पाणी सोडावे. गरम तेलाने चोळू नये. पशुवैद्यास त्वरित दाखवावे. लंगडणे थांबले तरी दाखवावेच. पुढे त्यांच्या सल्ल्याने घोडा हाती धरून काही मिनिटे चालवावा व ही चाल आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी. सूज अथवा ऊब पुन्हा दिसल्यास चालविणे बंद करून पुनश्च तपासून घ्यावे.